ऋतुमानानुसार टायरनिवड (भोर व वेल्हे परिसर)

ऋतुमानानुसार टायरनिवड म्हणजे वर्षातील बदलत्या हवामानाचा व रस्त्यांच्या स्थितीचा विचार करून वाहनासाठी टायरचा संच ठरवणे होय. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (राजगड) या तालुक्यांत चारही चाकांना शक्ती देणारी फोर बाय फोर वाहने केवळ हौसेसाठी नव्हे, तर नोकरी, शेती, दूध व शाळा यांसाठी रोज वापरली जातात. एकाच दिवसात राष्ट्रीय महामार्ग, घाटरस्ता, मुरुमाची वाट आणि चिखल असे चारही प्रकार ओलांडावे लागत असल्याने येथे टायरची निवड हा प्रामुख्याने सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

भोर व वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर व केंजळगड हे किल्ले आणि भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव ही धरणे याच डोंगराळ भागात आहेत. पूर्वेकडील पुणे-सातारा महामार्गापासून पश्चिमेकडील घाटमाथ्याकडे जाताना पावसाचे प्रमाण झपाट्याने वाढत जाते. भोर शहरात रिमझिम चालू असताना हिर्डोशी किंवा केळदच्या बाजूस मुसळधार पाऊस असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

परिसरातील खडक काळा बेसाल्ट आहे. माथ्यावर व उतारांवर तांबडी माती आढळते, ती भिजली की चिकट होते. खोऱ्यांत भातशेती होते. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट, वेल्ह्याकडून खानापूरच्या दिशेने जाणारा पाबे घाट, कोर्ल्याहून रायरेश्वराकडे चढणारा रस्ता आणि केळदजवळचा मढे घाटाचा परिसर हे येथील अवघड मार्ग होत. दरडी कोसळण्याच्या भीतीमुळे वरंधा घाट अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत प्रशासनाने वाहतुकीस बंद ठेवला आहे.

टायरचे प्रकार

फोर बाय फोर वाहनांच्या टायरचे मुख्यतः तीन प्रकार केले जातात.

हायवे टेरेन (एचटी) : या टायरची नक्षी बारीक व सलग असते. डांबरी रस्त्यावर तो शांत चालतो आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देतो. चिखलात मात्र त्याच्या अरुंद खाचा लवकर भरतात आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो.

ऑल टेरेन (एटी) : याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद व बाजूची भिंत तुलनेने मजबूत असते. डांबर, मुरूम व मध्यम चिखल या तिन्हींवर तो समाधानकारक चालतो. पण कोणत्याही एका बाबतीत सर्वोत्तम नसतो.

मड टेरेन (एमटी) : याचे ठोकळे मोठे व विरळ असून चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. खोल चिखलात तो सर्वांत उपयुक्त ठरतो. तथापि डांबरावर त्याचा आवाज मोठा असतो, वजनामुळे इंधन अधिक लागते आणि ठोकळे विरळ असल्याने रबराचा रस्त्याशी होणारा प्रत्यक्ष स्पर्श कमी राहतो.

थंड देशांत वापरले जाणारे हिवाळी टायर हा चौथा प्रकार होय. त्यांचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखालीही मऊ राहते. जर्मनीत बर्फ वा हिम असलेल्या रस्त्यांवर असे टायर वापरणे २०१० पासून बंधनकारक आहे. भोर व वेल्हे भागात हिवाळ्यातही दिवसाचे तापमान या मर्यादेच्या बरेच वर असते. त्यामुळे या टायरचा येथे उपयोग नाही. उष्ण डांबरावर ते लवकर झिजतात.

पावसाळ्यातील निवड

पावसाळा म्हणजे चिखल आणि चिखल म्हणजे मड टेरेन, असा एक समज आढळतो. रोजच्या वापरातील वाहनाच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा ठरतो. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे किंवा कापूरहोळ, भोर अशा नित्याच्या प्रवासातील बहुतांश अंतर ओल्या डांबरी वा काँक्रीट रस्त्याचे असते. चिखलाची वाट बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन किलोमीटरपुरती असते. ओल्या डांबरावर अचानक ब्रेक लावल्यास मड टेरेन टायरच्या वाहनाला थांबण्यास सामान्यतः अधिक अंतर लागते. शेवटच्या टप्प्यावर अडकणे हा खोळंबा असतो. महामार्गावर वेळेत न थांबणे हा अपघात ठरू शकतो.

ओल्या रस्त्यावर खाचांची खोली निर्णायक असते. टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर पडले नाही, तर चाक पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते व सुकाणू निकामी होते. या अवस्थेला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. वेग जितका जास्त आणि खाच जितकी उथळ, तितका हा धोका वाढतो. भारतात चारचाकी वाहनांसाठी खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर असणे आवश्यक आहे. परंतु ही कायद्याची अखेरची मर्यादा आहे. मुसळधार पावसाच्या भागात ३ मिलिमीटरच्या आसपास खोली उरताच टायर बदलणे हितावह मानले जाते.

भातलावणीच्या दिवसांत आणखी एक धोका उद्भवतो. चिखलणी करून परतणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेला राडा डांबरी रस्त्यावर पडतो. पावसाच्या हलक्या सरीने तो लोण्यासारखा निसरडा होतो. सावलीतील वळणांवर व फरशी पुलांवर शेवाळ साचते. अशा ठिकाणी कोणत्याही प्रकारच्या टायरची पकड मर्यादित असल्याने वेग कमी करणे हाच खरा उपाय असतो.

हिवाळा व उन्हाळा

ऑक्टोबरनंतर चिखल वाळून कच्च्या वाटांवर कडक चाकोऱ्या तयार होतात. मुरूम निघून गेलेल्या रस्त्यांवर बेसाल्टचे धारदार दगड वर येतात. या काळात टायरची नक्षी कमी आणि बाजूची भिंत अधिक महत्त्वाची ठरते. तळव्यावरील पंक्चर सहसा दुरुस्त करता येते. बाजूच्या भिंतीला पडलेला चिरा सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून गुंजवणे, भुतोंडे किंवा पासलीकडील वाड्या-वस्त्यांवर नियमित जाणाऱ्यांसाठी मजबूत भिंतीचे ऑल टेरेन टायर उपयुक्त असतात. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर हवा कमी असलेला टायर अधिक वाकतो, आतून तापतो व फुटू शकतो.

एक संच की दोन संच

ऋतूप्रमाणे दोन संच ठेवण्याचा निर्णय वापराच्या हिशोबावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, एखादे वाहन महिन्याला १,००० किलोमीटर धावत असेल, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत पावसाळी संच ४,००० किलोमीटरच चालेल. टायरचे आयुष्य ४०,००० किलोमीटर धरल्यास तो झिजण्यास १० वर्षे लागतील. परंतु रबर वयानुसार कडक होऊन तडकते. पाच-सहा वर्षांनंतर टायरची काटेकोर तपासणी आवश्यक असते. म्हणजे संच झिजण्यापूर्वीच जुना होईल.

त्यामुळे सर्वसाधारण वापरासाठी ऑल टेरेनचा एकच चांगला संच, आणि तो पावसाळ्याच्या तोंडावर पुरेशा खोल खाचांचा असणे, हा मार्ग अधिक किफायतशीर ठरतो. ज्यांचा प्रवास जवळजवळ पूर्णपणे डांबरी रस्त्यावर होतो त्यांना हायवे टेरेन पुरेसे असतात. शेत, वनक्षेत्र किंवा धरणकाठच्या कच्च्या वाटांवर पावसाळाभर काम असणाऱ्यांनाच मड टेरेनचा वेगळा संच उपयोगी पडतो. असा संच वेगळ्या रिमवर चढवून ठेवल्यास दर वेळी टायर उतरवावे लागत नाहीत. न वापरलेला संच सावलीत, कोरड्या जागी, तेल व उन्हापासून दूर ठेवावा लागतो. चाके बदलल्यानंतर साधारण ५० ते १०० किलोमीटर प्रवास झाल्यावर नट पुन्हा आवळून पाहणे आवश्यक असते.

माप व कायदेशीर बाजू

टायरच्या भिंतीवर त्याचे माप छापलेले असते. २४५/७५ आर १६ या मापात २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ ही रुंदीच्या टक्केवारीतील भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा इंचांतील रिमचा व्यास होय. महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीत प्रकारानुसार २४५/७५ आर १६ व २५५/६५ आर १८ ही मापे देण्यात आली. मारुती जिम्नीचे माप १९५/८० आर १५ आहे. थारच्या या दोन मापांचे बाह्य व्यास अनुक्रमे सुमारे ७७४ व ७८९ मिलिमीटर येतात. व्यास बदलला की वेगमापकाचा आकडाही बदलतो. टायर मोठा झाल्यास प्रत्यक्ष वेग दाखवलेल्या वेगापेक्षा जास्त असतो.

चारही टायर एकाच मापाचे व जवळपास सारख्या झिजेचे असणे फोर बाय फोर वाहनात विशेष महत्त्वाचे असते. परिघात फरक असल्यास गिअर व्यवस्थेवर ताण येतो. त्याच कारणाने अर्धवेळ फोर बाय फोर व्यवस्था कोरड्या डांबरावर चालू ठेवू नये. स्टेपनीही त्याच मापाची असावी.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपुरतीच निवड मर्यादित ठेवणे योग्य असते. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. भिंतीवरील चार अंकी संकेतावरून निर्मितीचा काळ समजतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. भारक्षमता व वेगमर्यादेचे संकेतही उत्पादकाच्या शिफारशीपेक्षा कमी नसावेत.

हवेचा दाब

योग्य दाब चालकाच्या दरवाज्याजवळील पट्टीवर दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजावा लागतो. मऊ चिखलात किंवा वाळूत दाब काहीसा कमी केल्यास टायरचा जमिनीशी स्पर्श वाढतो. साध्या रिमवर तो १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवण्याची प्रथा आहे. मात्र डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी मूळ दाब भरणे अत्यावश्यक असते. या भागात वाडीवस्तीवर हवा भरण्याची सोय नसल्याने हवा कमी करणाऱ्याने स्वतःचा छोटा पंप व दाबमापक जवळ बाळगणे गरजेचे ठरते.

मर्यादा

टायर पकड वाढवतो. पण दरड, पूर किंवा वाहून गेलेला रस्ता यांवर तो उपाय नाही. वाहत्या पाण्याखालील फरशी पुलावर जड वाहनही तरंगून वाहून जाऊ शकते आणि तेथे नक्षीचा काहीही उपयोग होत नाही. तसेच खोल नक्षीचे टायर भिजलेल्या बांधांची, पायवाटांची व गडपायथ्याच्या गवताळ उतारांची मोठी नासधूस करतात. एका पावसाळ्यात पडलेली चाकोरी पुढील पावसात ओघळ बनते. म्हणून टायर कोणताही असला, तरी रूढ वाट न सोडणे हा या परिसरातील वाहनवापराचा मूलभूत संकेत मानला जातो.