आजोबांचं मडगार्ड: पत्रा की प्लास्टिक?

मागच्या पावसाळ्यात ऑफिसला जाताना मी आजोबांच्या सायकलवरून पडलो. वेग फार नव्हता. रस्त्यात गुलमोहराची वाळकी काटकी पडली होती, ती पुढच्या टायरबरोबर उचलली गेली आणि मडगार्डमध्ये अडकली. चाक जागच्या जागी थांबलं, मी थांबलो नाही. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर आणि एका हाताने कोडिंग.

सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा सायकलवाले काका म्हणाले, "दोन्ही पत्र्याची काढून टाक. प्लास्टिकची बसवतो. हलकी, गंजायची भानगड नाही." घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. मागच्या मडगार्डवर आजोबांनी पेंटरकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं. रंग उडालाय, पण नाव वाचता येतं. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "सायकल तू चालवतोस. तूच ठरव."

हाताला प्लास्टर असताना वेळच वेळ होता, म्हणून वाचायला बसलो. पत्रा म्हणजे जुना काळ आणि प्लास्टिक म्हणजे नवा, असं मी धरून चाललो होतो. तिथेच पहिला धक्का बसला.

आजच्या सायकलचा साचा १८८५ चा आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सेफ्टी सायकल आणली: जवळपास सारखी दोन चाकं, मधे सीट, मागच्या चाकाला चेन. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि सायकल आरामात चालू लागली. पण माणूस आता दोन चाकांच्या बरोबर मधे बसला होता. पुढचं चाक पायावर चिखल उडवणार, मागचं पाठीवर. ज्या देशात वर्षभर पाऊस, तिथे रोज कामावर जायचं तर मडगार्ड हवंच.

ही मडगार्ड पत्र्याची असायची, पण बरोबरीने आणखी एक पदार्थ आला: सेल्युलॉइड. म्हणजे प्लास्टिकच! १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने नायट्रोसेल्युलोज आणि कापूर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून ते तयार केलं. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय हवा होता. होय, कापूर, आरतीच्या तबकात असतो तोच. विसाव्या शतकात कॉव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन गावातली ब्लूमेल्स कंपनी सेल्युलॉइडची मडगार्ड बनवू लागली. हलकी, गंज न लागणारी. रविवारी लांब फिरायला जाणारे क्लबवाले ती आवडीने लावत.

दोष दोन होते. सेल्युलॉइड वयाबरोबर पिवळं पडून तडकतं, आणि ते झटकन पेट घेतं. सिनेमाची जुनी नायट्रेट फिल्म म्हणजे याचंच भावंड. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) त्याच जातीच्या फिल्मवर होता. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट जळून गेले. मडगार्डच्या शोधात मी इथपर्यंत येईन असं वाटलं नव्हतं.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. पॅरिसला लागून असलेल्या लेव्हाल्वा गावात रने एर्स आणि अ‍ॅलेक्स सँजेर यांची दुकानं लांब पल्ल्याच्या सायकली हाताने बांधत आणि त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची मडगार्ड बसवत. काहींवर हातोडीचे ठोके दिसावेत अशी नक्षी असे. स्टीलपेक्षा हलकी, गंजाची भीती नाही. पण बसवताना जरा जरी ताण राहिला तर रस्त्याच्या थरथरीने भोकांपाशी चिरा जातात.

मग आपल्याकडे स्टीलच का? १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो अशी कारखानदारी उभी राहिली, आणि साचा होता ब्रिटिश रोडस्टरचा. या सायकलवर दुधाच्या किटल्या लटकणार, कॅरिअरवर पोतं, दांड्यावर पोर. पत्रा वाकला तर कोपऱ्यावरचा सायकलवाला हातोडीने सरळ करणार. तडकलेलं प्लास्टिक तसं सरळ करता येत नाही. शिवाय आपल्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं. आजोबांच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं आहे, ते शोभेसाठी असेल असं मला वाटायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउटच्या अंधारात सायकल दिसावी म्हणून ब्रिटनमध्ये मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा सक्तीचा होता.

आता माझी काटकी. पुढचं चाक फिरताना त्याची मागची बाजू खालून वर जात असते. तिथून शिरलेली काटकी टायर वर खेचतो. मडगार्डच्या तारा पक्क्या बसवलेल्या असतील तर ते सरकू शकत नाही. मग ते आत दुमडतं आणि चाक अडतं. म्हणजे पत्रा की प्लास्टिक हा इथे खरा प्रश्नच नाही. जाड प्लास्टिकही पक्क्या तारांनी हेच करेल. प्रश्न आहे, अडकल्यावर ते सुटतं का? जर्मनीच्या एसकेएस कंपनीची मडगार्ड पाहिली. प्लास्टिकच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, म्हणजे दोन्ही एकत्र. आणि पुढच्या तारांना अशी क्लिप, की जोर आला की ती आपोआप निसटते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो: एक भाग बिघडला तर त्याने सगळी सिस्टिम सोबत घेऊन पडू नये. घरातला फ्यूजही तेच करतो.

मागचं चाक अडलं तर सायकल घसरते, पण माणूस हँडलवरून फेकला जात नाही. धोका पुढच्या चाकाला आहे. आणि आजोबांचं नाव मागच्या मडगार्डवर आहे.

पुढे निसटत्या क्लिपचं प्लास्टिक बसवलं. मागचा पत्रा तसाच ठेवला, फक्त कडेच्या वळणात साचलेला चिखल काढला, कारण गंज तिथूनच सुरू होतो, आणि आतून लाल ऑक्साइड मारला. सायकलवाले काका म्हणाले, "जोडी जमत नाही रे." खरंच जमत नाही.

बाबांनी मात्र संध्याकाळी फडकं घेऊन मागचं मडगार्ड पुसलं. नावावरून जरा हळू.