सहा मीटर आणि चाळीस सेंटिमीटर

बेंगळुरूच्या मिंटो नेत्र रुग्णालयाचा आरंभ १८९६ साली चिकपेटमधील एका लहानशा दवाखान्यात झाला. आजच्या वास्तूत ते १९१३ साली आले. चिकपेट ही रेशीम आणि जरीची पेठ. काठाची वीण निरखताना, वहीतील आकडे वाचताना येथे नजरेचा कस लागतो तो हातभर अंतरावर. नेत्रतपासणीचे सर्वांत परिचित साधन मात्र दूरच्या नजरेसाठी घडलेले आहे. उट्रेख्टच्या हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेला अक्षरतक्ता सहसा सहा मीटरवरून, एक डोळा झाकून वाचला जातो. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे किती स्पष्ट पाहतो, हे त्यातून कळते. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे मिळून काम करतात का, हे कळत नाही.

हा फरक साध्या भूमितीचा आहे. दोन बाहुल्यांमधील अंतर ६ सेंटिमीटर धरले, तर सहा मीटरवरील अक्षराकडे पाहताना दोन्ही दृष्टिरेषांमधील कोन जेमतेम अर्धा अंश भरतो. ४० सेंटिमीटरवरील पुस्तकासाठी तोच कोन सुमारे साडेआठ अंश होतो. त्यासाठी दोन्ही डोळ्यांना नाकाच्या दिशेने वळावे लागते. यालाच अभिसरण म्हणतात. ते अपुरे पडले, की अक्षरे दुहेरी दिसतात, ओळ हरवते, डोके दुखते. तक्त्यावरील निकाल मात्र निर्दोष असू शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी या दोषाचे वर्णन केले. पुढे अमेरिकेतील अलेक्झांडर ड्युएन यांनी त्याची मांडणी अधिक नेमकी केली. तपासणीची मूळ रीत अगदी साधी आहे. एखादे बारीक लक्ष्य हळूहळू नाकाकडे आणायचे आणि ते कोठे दुहेरी दिसू लागते, किंवा कोठे एक डोळा बाहेर सरकतो, ते अंतर पट्टीवर मोजायचे. अर्नेस्ट मॅडॉक्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका उपकरणात एका डोळ्याला बाण दिसतो आणि दुसऱ्याला मोजपट्टी. बाण ज्या अंकावर स्थिरावतो, त्यावरून जवळ पाहताना दोन्ही डोळ्यांचा सुप्त कल समजतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. तमिळनाडूतील ९२० शाळकरी मुलांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३० टक्के मुलांमध्ये तिरळेपणा नसूनही दोन डोळ्यांच्या सहकार्यात दोष आढळला. त्यांत अभिसरणाची अपुरेपणा सर्वाधिक होता. उपचारही आहेत. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२ आठवडे व्यायाम केलेल्या गटातील ७३ टक्के मुलांना यश किंवा सुधारणा लाभली. घरी केवळ पेन्सिलीचा व्यायाम केलेल्या गटात हे प्रमाण ४३ टक्के होते.

वाचनाला कंटाळणारे मूल आळशी ठरवण्यापूर्वी त्याची चाळीस सेंटिमीटरवरची तपासणी झाली आहे का, एवढे पालकांनी आणि शिक्षकांनी विचारावे.