चालत्या उत्प्रेरकाची कुळकथा

उत्प्रेरक तपासायचा तर तो भट्टीतून बाहेर काढायचा, थंड करायचा आणि मग उपकरणाखाली ठेवायचा, अशी रसायनशास्त्रात जुनी रीत होती. या रीतीत खोट होती. पुष्कळ उत्प्रेरकांत प्लॅटिनम, निकेल किंवा तांब्याचे नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरचे कण असतात. इतक्या बारीक कणातले निम्मे किंवा त्याहून जास्त अणू पृष्ठभागावरच बसलेले असतात, त्यामुळे हवा लागली की त्यांचं रूप पालटतं. तपासला जायचा तो उत्प्रेरक रजेवर गेलेला. कामावरचा कुणी पाहिलेलाच नसे.

आज पीएचडीनंतर या विषयात उतरणारा तरुण संशोधक उत्प्रेरक काम करत असतानाच त्याच्यातून क्ष-किरण पाठवतो. या तंत्राचं पितृकुळ प्रकाशाचं आणि मातृकुळ नळकामाचं. आपल्या वंशावळींत होतं तसंच इथंही झालं आहे. पितृकुळातली नावं पाठ्यपुस्तकांत आहेत, मातृकुळाची चौकशी कुणी फारशी करत नाही.

पितृकुळाचा मूळपुरुष म्हणून मॉरिस द ब्रॉयी यांचं नाव घेतात. १९१३ साली पॅरिसमधल्या आपल्या घरच्या प्रयोगशाळेत त्यांनी हवेचा दाब नोंदवणाऱ्या यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर एक स्फटिक बसवला. स्फटिक घड्याळाच्या चाकांवर सावकाश फिरे आणि क्ष-किरणांचा वर्णपट फोटोच्या काचेवर उमटे. क्ष-किरण निर्माण करणाऱ्या नळीत कोणताही धातू वापरला तरी दोन खुणा ठरल्या जागी येतच राहिल्या. त्या होत्या काचेवरच्या लेपातल्या चांदीच्या आणि ब्रोमीनच्या. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं. तांब्याची ही कड ८९७९ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येते. अणूनं इलेक्ट्रॉन गमावले की कड थोडी वर सरकते. कडेपलीकडे बारीक लाटा दिसतात. अणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची लहर शेजारच्या अणूंवर आपटून परत येते, त्यातून त्या उपजतात. शेजारी किती आणि किती अंतरावर, हे त्यांत लिहिलेलं असतं. त्यासाठी पदार्थ स्फटिकरूप असावा लागत नाही, आणि उत्प्रेरकांच्या लोकांना हेच हवं होतं.

पण हे वाचायचं कसं, यावर चाळीस वर्षं वाद चालला. दरम्यान पॅरिसला इव्हेत कोश्वा यांच्याकडे काम करून आलेल्या चिंतामणी मांडे यांनी नागपूर विद्यापीठात क्ष-किरण वर्णपटाच्या अभ्यासाची शाळा उभी केली. निरनिराळ्या संयुगांत शोषणाच्या कडा किती सरकतात, हे तिथं मोजलं जाई. या कुळाची एक शाखा विदर्भात रुजली होती, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. वाद मिटला तो १९७१ साली. सिअ‍ॅटलमध्ये डेल सेयर्स, एडवर्ड स्टर्न आणि बोइंग कंपनीतले फॅरेल लायटल यांनी त्या लाटांवर फूरिए गणित चालवलं आणि शेजारी अणूंची अंतरं सरळ समोर आली.

मग उजेड वाढला. स्टॅनफर्डला कण एकमेकांवर आदळवण्यासाठी बांधलेल्या स्पीअर या वर्तुळाकार यंत्रातून क्ष-किरण फुकट सांडत होते. १९७४पासून लायटल यांच्यासारखी मंडळी तिथं आयत्या बिळावरचे नागोबा होऊन बसली. तिथल्या तीन दिवसांत आधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त आणि चांगली मोजमापं मिळाली, असं लायटल यांनी पुढे नमूद केलं आहे. बोइंगमधली आपली तिन्ही उपकरणं त्यांनी बंदच करून टाकली.

इथवर कथा प्रकाशाची. आता मातृकुळाकडे वळू.

एक्सॉन कंपनीतल्या जॉन सिनफेल्ट यांच्याबरोबर लायटल पेट्रोल सुधारणारे दोन धातूंचे उत्प्रेरक तपासू लागले, तेव्हा भुकटी हवेपासून जपणं हा पहिला प्रश्न होता. त्यासाठी खिडक्या असलेली बंद पेटी केली. तीत भुकटीची दाबून केलेली वडी ठेवत आणि वायू सोडत. पण वायू वडीच्या आतून न जाता बाजूनंच निघून जाई, आणि खऱ्या भट्टीत असं होत नाही. डेन्मार्कच्या हाल्डर टॉपसो कंपनीत ब्येर्ने क्लाउसेन आणि हेन्रिक टॉपसो यांनी १९९०च्या सुमारास पेटीऐवजी क्वार्ट्‌झची केसासारखी बारीक नळी घेतली. चिमूटभर उत्प्रेरक आत, खालून गरम हवेचा झोत, आणि वायूला भुकटीतून गेल्याशिवाय वाटच नाही. पलीकडे काय बाहेर पडतं, ते त्याच वेळी मोजायचं. माझ्या मते या तंत्राचा खरा जन्म इथं झाला. १९९४मध्ये याच गटानं दाखवलं की मिथेनॉल बनवणाऱ्या उत्प्रेरकातले तांब्याचे कण कोरड्या क्षपणकारी वायूत झिंक ऑक्साइडवर पसरट होतात आणि वाफ मिसळली की पुन्हा गोळा होतात. बाहेर काढून तपासला असता, तर हे कधीच दिसलं नसतं. या तंत्राला ‘ऑपरेंडो’ हे नाव मागाहून, २०००च्या आसपास, स्पेनचे मिगेल बान्यारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं.

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे स्पीअरसारख्या वर्तुळाकार यंत्रावर, वेळ अर्ज करून मिळतो, तोही आठ-आठ तासांच्या पाळ्यांत, आणि यंत्र रात्रीही चालतं. गळती शोधणं, नळ्या जोडणं, पहाटे तीनला आलेख वाचणं हे काम बहुतेक वेळा पोस्टडॉकच्याच, म्हणजे पीएचडीनंतरच्या तरुण संशोधकाच्याच, वाट्याला येतं. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ यंत्रावर या कामासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रानं बांधलेल्या बीमलाइन, म्हणजे यंत्रातले किरण प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटा, आहेत.

या तंत्रानं काय दिसतं, त्याचं एक उदाहरण पाहा. डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड घालवण्यासाठी युरियातून मिळणारा अमोनिया आणि तांबं असलेला झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांनी जोडलेल्या खोल्यांचा स्फटिक, वापरतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू आणि नोत्र दाम विद्यापीठांच्या गटांनी २०१७ साली दाखवलं की कमी तापमानाला यातले तांब्याचे आयन भिंतीला चिकटून राहत नाहीत. अमोनियाचे दोन रेणू अंगावर घेऊन ते हलतात, छिद्रातून शेजारच्या खोलीत जातात आणि तिथल्या तांब्याशी जोडी जमवून ऑक्सिजन पकडतात. जोडीदार न मिळालेलं तांबं तसंच उरतं, आणि नमुन्यात तांबं विरळ असेल तर असं एकाकी तांबं जास्त उरतं. ८९८३ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या टोकदार शिखरावरून हे उरलेलं तांबं मोजता आलं.

तरी ही नजर सरासरीची आहे. शंभरातले पाच अणू राबत असले आणि पंच्याण्णव नुसते उभे असले, तरी आलेख सगळ्यांचा मिळून येतो. शिवाय तीव्र किरण स्वतःच नमुना बिघडवू शकतात. म्हणून या विषयावरचा निबंध हाती आला तर सुबक आलेखांआधी एक गोष्ट शोधा: त्याच नळीतून, त्याच वेळी बाहेर पडलेल्या वायूचं मोजमाप. ते दिलेलं नसेल, तर तो प्रयोग चालत्या उत्प्रेरकाचा नव्हे.