बरगड्यांवर कोरलेली गाणी

872 दिवसांच्या वेढ्यातून जे शहर जिवंत बाहेर आले, ज्याच्या रहिवाशांपैकी लाखो जण उपासमारीने आणि थंडीने मृत्युमुखी पडले आणि ज्याच्या राजवाड्यांच्या भिंतींवर तोफगोळ्यांचे व्रण अद्याप ताजे होते, त्या लेनिनग्राडमध्ये युद्ध संपल्यावर एक-दोन वर्षांतच, नेव्हस्की या प्रख्यात राजमार्गावरील 75 क्रमांकाच्या घरात, एक लहानसे दुकान उघडले. स्टानिस्लाव फिलो नावाच्या गृहस्थाने ते थाटले होते, आणि युद्धाच्या लुटीतून हाती आलेले जर्मन तेलेफुंकेन कंपनीचे ध्वनिमुद्रण-यंत्र हे त्याचे सारे भांडवल होते. सरकारदरबारी नोंदलेला व्यवसाय अगदी निरुपद्रवी होता: कोणीही यावे, यंत्रापुढे उभे राहून दोन शब्द बोलावे किंवा एखादे गाणे म्हणावे, आणि आपल्याच आवाजाची तबकडी घेऊन ती दूरच्या आप्ताला टपालाने पाठवावी. परंतु दिवसाचे हे कामकाज आटोपून दार लोटून घेतले, की त्याच यंत्रावर अमेरिकन जॅझच्या, आर्जेंटिनी टँगोच्या आणि देशत्याग केलेल्या रशियन गायकांच्या तबकड्यांच्या नकला उतरू लागत, आणि ओळखीची तरुण मुले त्या घेण्यासाठी मागच्या बाजूने येत.

या मुलांमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की नावाचा एक तरुण होता. फिलोचे यंत्र त्याने इतक्या बारकाईने न्याहाळले, की त्याच्या भागांची मापे मनात साठवून एका कुशल कारागिराच्या मदतीने त्याने तसेच, किंबहुना त्याहून सरस, यंत्र घडविले. बोरिस ताइगिन हा त्याचा जिवलग सहकारी. दोघांनी मिळून आपल्या गुप्त उद्योगाला ‘सोनेरी कुत्रा’ असे नाव दिले. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे बसलेल्या त्या जगप्रसिद्ध श्वानाशी असलेले त्याचे नाते उघड आहे. यंत्र सिद्ध झाले, पण गाणे कोरावे कशावर, हा प्रश्न उरलाच, कारण ध्वनिमुद्रिकेसाठी लागणारा कच्चा माल सरकारी कारखान्यांखेरीज कोणालाही मिळण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर इस्पितळांच्या अडगळीत सापडले. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्म्स सहज पेट घेतात, म्हणून त्यांचा साठा ठराविक मुदतीनंतर नष्ट करावा, असा इस्पितळांना हुकूम होता, आणि हे ज्वालाग्राही ओझे थोड्याशा पैशांत किंवा व्होडकाच्या एखाद्या बाटलीत कोणी उचलून नेत असेल तर तेथील नोकरमंडळींची काहीच तक्रार नसे.

या फिल्म्स कात्रीने वर्तुळाकार कापायच्या, मध्यभागी भोक पाडायचे, मग एकीकडे मूळ तबकडी वाजत ठेवून तिच्या ध्वनीबरहुकूम सुईने या मऊ पृष्ठावर चर कोरत जायचे, अशी ती कृती होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाने वाजणारी, एकाच बाजूला एकच गाणे धारण करणारी ही लवचिक तबकडी बाहीत लपविता येई. तिच्यातून वाळू चाळल्यासारखी खरखर येत असे, आणि थोड्याच वेळा वाजवून झाल्यावर तिचे चर झिजून गाणे विरून जाई. पण ती उजेडासमोर धरली, की कोणा अनोळखी रुग्णाच्या बरगड्या, मणके, क्वचित कवटीही, त्या चरांमधून स्पष्ट दिसे. म्हणूनच लोक या मुद्रिकांना ‘बरगड्यांवरचे’ किंवा ‘हाडांवरचे’ संगीत म्हणू लागले. नुकत्याच मरणाच्या दाढेतून सुटलेल्या शहरातील मुले अशा हाडांवर नाचाच्या गती कोरीत होती, ही गोष्ट आजही वाचताना मन हेलावून टाकते.

या हाडांवर नेमके काय कोरले जात होते, ते तपासून पाहिले पाहिजे, कारण सर्वसामान्य समजूत अशी, की सोव्हिएत तरुणांना अमेरिकेचे वेड लागले होते आणि सरकार ते वेड दडपीत होते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आणि माझ्या मते अधिक दुःखद आहे. या चोरट्या तबकड्यांपैकी कितीतरी तबकड्यांवरची गाणी शुद्ध रशियन भाषेत होती. प्योत्र लेश्चेंको हा बुखारेस्टमध्ये स्थायिक झालेला गायक. त्याचे टँगो आणि फॉक्सट्रॉट रशियन मुलांना तोंडपाठ होते, पण तो परागंदा ठरल्यामुळे त्याची एकही मुद्रिका देशात अधिकृतपणे विकता येत नसे. 1951 साली रुमानियातच त्याला अटक झाली आणि 1954 साली तुरुंगाच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. अलेक्सांद्र व्हेर्तिन्स्की तर 1943 साली मायदेशी परतला होता, त्याला जलसे करण्याची मुभाही मिळाली होती, परंतु त्याच्या विपुल गीतसंपदेपैकी मोजकीच गाणी सरकारी परवानगीच्या चाळणीतून खाली उतरली. उरलेली हाडांवरच राहिली. तात्पर्य, परके कोणते आणि आपले कोणते याचा निवाडा भाषेवरून, जन्मभूमीवरून किंवा स्वरांवरून होत नव्हता. तो दप्तरात होत होता, आणि दप्तराचे मत बदलले की कालचे आपले आज परके होत होते.

जॅझचीच कथा घ्या. 1922 सालच्या ऑक्टोबरात कवी व नर्तक व्हालेंतिन पार्नाख याने मॉस्कोत पहिला जॅझचा जलसा केला तेव्हा क्रांतीला जेमतेम पाच वर्षे झाली होती, आणि नव्या समाजाला हे नवे संगीत शोभून दिसते असे मानणारे लोक कमी नव्हते. पुढे 1928 साली मॅक्सिम गॉर्कीने ‘प्रावदा’त लेख लिहून हे लठ्ठ धनिकांचे संगीत आहे असे ठणकावले. तरीही 1934 साली लिओनिद उत्योसोव्हच्या वाद्यवृंदाचा चित्रपट देशभर गाजला आणि 1938 साली खुद्द सरकारनेच आपला जॅझ वाद्यवृंद स्थापन केला. युद्धात हेच वाद्यवृंद आघाडीवर सैनिकांपुढे वाजत होते, आणि अमेरिका मित्रराष्ट्र असल्यामुळे तिचे सूरही मैत्रीचे होते. मग शीतयुद्धाचे वारे वाहू लागले. 1948 सालच्या फेब्रुवारीत संगीतविषयक कडक ठराव झाला. सॅक्सोफोन हे वाद्यच संशयित ठरले. युद्धकाळात बेलोरशियाच्या सरकारी जॅझ वाद्यवृंदाचा नायक असलेला, बर्लिनमध्ये जन्मलेला ट्रम्पेटवादक एडी रोझनर 1946 सालीच पकडला गेला होता. त्याने आठ वर्षे छावण्यांत काढली, पूर्वेकडील दूरच्या मागादानपर्यंत त्याची रवानगी झाली, आणि तेथेही कैद्यांचे वाद्यवृंद उभे करून तो वाजवीत राहिला. त्याचे कसब तेच होते, सूरही तेच होते.

चित्रपटांच्या बाबतीत तर याच सरकारने, नकळत का होईना, परदेशाची खिडकी स्वतःच्या हाताने उघडून दिली. 1945 साली जर्मनीच्या पाडावानंतर तेथील चित्रपट-संग्रह सोव्हिएत फौजांच्या हाती लागला. देशी चित्रपटांची निर्मिती त्या वर्षांत अगदीच आटली होती, तिकिटाचा पैसा मात्र खजिन्याला हवा होता; म्हणून हे जप्त केलेले चित्रपट दाखविण्याचे ठरले. प्रारंभी एक पाटी झळके, की हा चित्रपट जर्मन फौजांच्या पराभवानंतर युद्धलूट म्हणून हस्तगत झाला आहे. नटनट्यांची नावे बहुधा कापलेली असत. अशा रीतीने मारिका रोक्कचे नाच रशियन मुलांनी पाहिले, आणि 1952 साली जॉनी वाइसमुल्लरचा टारझन वेलीवरून झोके घेत त्यांच्या आयुष्यात आला. गल्लोगल्ली पोरे तसे ओरडू लागली, केस तसे वाढवू लागली. 1940 साली याच लेनिनग्राडमध्ये जन्मलेला आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा कवी जोसेफ ब्रॉडस्की याने आपल्या एका निबंधात असे मत नोंदविले आहे, की स्टालिनचा प्रभाव पुसण्याचे काम ख्रुश्चेव्हच्या सगळ्या भाषणांपेक्षा एकट्या टारझन-मालिकेने अधिक केले. ते मत मला अतिशयोक्त वाटत नाही. कोणतीही आज्ञा न मानणारा, कोणत्याही संघटनेचा सभासद नसलेला, केवळ स्वतःच्या देहाच्या आनंदात वावरणारा मनुष्य त्या मुलांनी पडद्यावर प्रथमच पाहिला होता.

या साऱ्यातून जी तरुणांची जात निपजली तिला ‘स्तिल्यागी’ असे नाव मिळाले, आणि ते निंदेपोटी मिळाले: ‘क्रोकोदिल’ या विनोदी नियतकालिकात 10 मार्च 1949 रोजी याच शीर्षकाचा उपहासलेख प्रसिद्ध झाला होता. रुंद खांद्यांचे कोट, अरुंद विजारी, जाड तळव्यांचे बूट, भडक गळपट्टे आणि कपाळावर उंच फुगविलेले केस हा त्यांचा वेष. दुकानात यातले काहीच मिळत नसल्यामुळे विजारी घरी नाहीतर ओळखीच्या शिंप्याकडे आटवून घ्याव्या लागत आणि बुटांना दुसरे तळवे चर्मकाराकडून लावून घ्यावे लागत. मॉस्कोत गॉर्की मार्गाचा एक तुकडा आणि लेनिनग्राडात नेव्हस्की हे त्यांचे ‘ब्रॉडवे’. रशियन जिभेने त्याचे ‘ब्रोद’ केले. संध्याकाळी तेथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे, एवढाच त्यांचा अपराध. बोलीही त्यांनी तशीच शिवली होती: वादकांच्या सांकेतिक भाषेतले शब्द उचलायचे आणि इंग्रजी शब्दाला रशियन प्रत्यय जोडायचा, म्हणजे ‘शूज’चे ‘शूझी’ व्हायचे. ज्यांनी अमेरिका पाहिली नव्हती आणि पाहण्याची आशाही नव्हती, त्यांची ती स्वतः कल्पिलेली अमेरिका होती. युवक-संघटनेच्या टोळ्या त्यांना रस्त्यात गाठून विजारी फाडीत, केस कापीत; महाविद्यालयातून नाव कमी होण्याची टांगती तलवार असेच.

गाणी कोरणाऱ्यांच्या वाट्याला याहून कठोर शासन आले. 1950 सालच्या नोव्हेंबरात धरपकड झाली, यंत्रे सरकारजमा झाली. बोगोस्लोव्स्कीला तीन वर्षांची आणि ताइगिनला पाच वर्षांची सजा झाली. मार्च 1953 मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला, सार्वत्रिक माफीत हे दोघे सुटले, आणि सुटल्यावर त्यांनी पहिले काम केले ते पुन्हा यंत्र जुळविण्याचे. बोगोस्लोव्स्की पुढेही तुरुंगात गेला, एकंदर तीनदा गेला, आणि प्रत्येक वेळी तो परतून सुईकडेच वळला. अशा माणसाला केवळ काळाबाजारवाला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

1955 सालच्या जानेवारीपासून या श्रोत्यांना एक नवा सोबती मिळाला. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून विलिस कोनोव्हर हा निवेदक जॅझ ऐकवू लागला, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची धून वाजली की तो आल्याचे समजे. सोव्हिएत सरकार 1948 पासून परदेशी प्रक्षेपणात गोंगाट मिसळून ते बुडवीत असे, परंतु तो बंदोबस्त मुख्यतः रशियन भाषेतील कार्यक्रमांसाठी होता. इंग्रजी कोणाला कळते, या हिशेबाने इंग्रजी कार्यक्रम बहुधा मोकळे राहत. कोनोव्हर खर्जाच्या आवाजात, अतिशय सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोले, कारण आपल्या श्रोत्यांची मातृभाषा इंग्रजी नाही याचे त्याला भान होते. पुष्कळ रशियन तरुणांनी इंग्रजीचे पहिले धडे त्याच्याकडून घेतले. व्याकरणाच्या पुस्तकापूर्वी त्यांना वादकांची नावे आली.

याच सुमारास आपल्या मुंबईचाही या कथेत प्रवेश होतो, आणि तो राजमार्गाने होतो. 1954 साली मॉस्कोत भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला. राज कपूर, नर्गिस, बलराज साहनी, बिमल रॉय, ख्वाजा अहमद अब्बास ही मंडळी तेथे गेली होती. ‘आवारा’ला त्या देशात सहा कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले. शैलेंद्रने लिहिलेले, शंकर-जयकिशन यांनी बांधलेले, मुकेशने गायिलेले त्याचे शीर्षकगीत हिंदीचे अक्षरही न जाणणाऱ्या मुलांच्या ओठी बसले. फाटक्या वेषाचा, घरदार नसलेला, कोणाच्याच हुकमात नसलेला हा भटका मनुष्य टारझनचा आणि नेव्हस्कीवर हिंडणाऱ्या मुलांचा सख्खा भाऊ शोभला असता. पण भारत मित्र होता, म्हणून त्याला पासपोर्ट मिळाला. लेश्चेंकोचे रशियन गाणे बाहीत लपवावे लागत होते आणि मुंबईचे हिंदी गाणे मोठ्याने गाता येत होते, हा त्या काळाचा न्याय होता.

1957 सालच्या 28 जुलैला मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव सुरू झाला आणि 131 देशांतील 34 हजार तरुण पंधरवडाभर त्या शहरात वावरले. ज्यांची नक्कल केली ते खरे परदेशी तरुण साध्या विजारी घालून हिंडताना पाहून स्तिल्यागींच्या भडकपणाची धार आपोआप गेली. त्यांची बोली मात्र टिकली. वासिली अक्स्योनोव्हने 1961 साली ‘युनोस्त’ मासिकातील कादंबरीत ती पात्रांच्या तोंडी घातली तेव्हा टीकाकार खवळले आणि वाचकांनी अंक हातोहात फिरविले. हाडांवरचा धंदा मात्र साठीच्या दशकात मावळला, आणि तो पोलिसांनी नव्हे, टेपरेकॉर्डरने मावळविला. एका फितीवर अनेक गाणी मावू लागल्यावर बरगड्या कोण कापीत बसणार? बोरिस ताइगिनने टेपही हाताळले, पण त्यांवर तो लेनिनग्राडच्या कवींचे आवाज साठवू लागला, आणि टंकलेखन-यंत्रावर त्यांची पुस्तके घरीच तयार करू लागला. 1962 साली त्याने अशा रीतीने जे पुस्तक काढले ते उत्तरेकडील रशियन खेड्यात वाढलेल्या निकोलाय रुब्त्सोव्ह या तरुणाचा पहिला कवितासंग्रह होता. त्याच्या सहा प्रती निघाल्या.