कंपनीच्या संघातील खेळाडू : नेव्हिल डिसूझा



बोईसरहून गाडीने चर्चगेटला उतरावे आणि थोडे चालावे, म्हणजे कूपरेजचे मैदान लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते जाता-येता पाहिले असेल. मुंबईच्या फुटबॉलचा बराचसा इतिहास ह्या मैदानावर घडला. त्या इतिहासातील एका खेळाडूविषयी आज आपणांपुढे बोलावयाचे आहे. त्यांचे नाव नेव्हिल डिसूझा. जन्म १९३२ सालचा, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. खेळाची कारकीर्द मात्र मुंबईची.

प्रथम त्यांचा मोठा दिवस सांगतो. तारीख १ डिसेंबर १९५६, स्थळ मेलबर्न. त्या वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलसाठी अवघे अकरा संघ उतरले होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला डिसूझांनी गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटाला डिसूझांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, डिसूझांचा तिसरा गोल झाला आणि ती आघाडी मात्र टिकली. पुढे किट्टू ह्यांनी चौथा गोल केला व भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू, अशी डिसूझांची नोंद झाली.

तीनच दिवसांनी उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाशी गाठ होती. ह्याच युगोस्लाव्हियाने १९५२ साली हेलसिंकीला आपल्या संघाचा १०-१ असा धुव्वा उडविला होता. ह्या वेळी बावन्नाव्या मिनिटाला पहिला गोल झाला तो भारताचा, आणि तो करणारे पुन्हा डिसूझाच. ती आघाडी दोनच मिनिटे टिकली. सामना ४-१ असा हरला. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा जिंकला. तरीसुद्धा हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्या शिकवणुकीत तयार झालेला हा संघ जगात चौथा आला. डिसूझांचे चार गोल झाले. स्पर्धेत त्याहून अधिक कोणाचेच नव्हते.

श्रोतेहो, येथवरची हकीकत कोणत्याही क्रीडाकोशात सापडेल. परंतु खेळाडूची कारकीर्द म्हणजे एक दुपार नव्हे. उरलेल्या दिवसांत तो पोट कशावर भरीत होता, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, आणि तो फारसा विचारला जात नाही.

त्या काळी ऑलिंपिकमध्ये हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. खेळाचे पैसे घेणाऱ्यास मज्जाव होता. त्यामुळे इंग्लंडचे नामवंत धंदेवाईक खेळाडू मेलबर्नला जाऊ शकले नाहीत. ब्रिटनने हौशी संघ पाठविला, तो बल्गेरियाकडून ६-१ असा हरून परतला. त्या धंदेवाईकांचे तरी काय चालले होते? इंग्लंडातील खालच्या विभागांत शेकडो खेळाडू खेळत. १९५६ साली अगदी नामांकित खेळाडूसही आठवड्याला १५ पौंडांहून अधिक पगार देण्यास बंदी होती. खालच्या विभागांत त्याहूनही कमी मिळे. उन्हाळ्यात खेळ बंद, म्हणून पगारही कमी. करार वर्षाचा, तो संपला तरी जुन्या क्लबने मोकळे केल्याखेरीज दुसरीकडे जाता येत नसे. पगाराची ही मर्यादा उठली ती १९६१ साली, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर. खेळण्याचे वय सरले की त्यांतील पुष्कळांना तिशी-पस्तिशीत नवा उद्योग शोधावा लागे.

आपल्याकडे मुंबईने निराळी वाट काढली होती. तेलकंपन्या, रेल्वे, गिरण्या, टाटांसारखी उद्योगघराणी आपापले संघ बाळगीत. चांगल्या खेळाडूस कंपनी नोकरीत घेई. तो कचेरीत काम करी, सरावाला आणि सामन्याला त्यास मोकळीक मिळे. कागदोपत्री तो हौशी राही आणि घरी महिन्याचा पगार येई. डिसूझा टाटा आणि कॅल्टेक्स ह्या संघांतून खेळले. कॅल्टेक्स ही तेलकंपनी. तिच्या संघाने १९५८ साली, कूपरेजवर होणाऱ्या मानाच्या रोव्हर्स चषक स्पर्धेत विजय मिळविला. ह्या पद्धतीचा मोठा गुण असा, की गुडघा दुखावला म्हणून चूल विझत नसे.

दोषही तितकाच मोठा होता. संघ खेळाडूंचा नव्हता, गावाचाही नव्हता. तो कंपनीचा होता. कंपनीचा हिशेब बदलला की संघाचा शेवट ठरलेला. सरकारने ताब्यात घेतलेली कॅल्टेक्स १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. गिरण्या बसल्या, त्यांचे संघ बसले. १८९१ पासूनची रोव्हर्स स्पर्धा ह्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. महिंद्रांचा संघ राष्ट्रीय लीग जिंकणारा. तोही २०१० साली मोडला.

डिसूझांच्या वाट्याला पुढे रोमचे ऑलिंपिक आले नाही. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नचे त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी फुटबॉलमधील पहिले मानकरी ठरले, डिसूझांना तो मिळाला नाही. १९८० साली, पन्नाशीच्या आतच, ते वारले.

हे सालवडला येऊन का सांगावे? कारण कारखान्यांची वस्ती म्हणजे काय हे आपणांस सांगावे लागत नाही. तारापूरच्या वसाहतीत पाळी संपवून चेंडू खेळणारे तरुण आजही आहेत. त्यांना नोकरी आणि मैदान ही दोन्ही हवीत. नोकरी कारखाना देईल, आणि उद्या काढूनही घेईल. मैदान मात्र गावाचे असले, तर कारखान्याचे दार बंद झाल्यावरही खेळ चालू राहतो. मुंबईने संघ कंपन्यांवर सोपविले आणि कंपन्यांबरोबर ते गमावले. आपल्याला तो धडा फुकट मिळाला आहे. तो आपण घ्यावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.