इमोलाचे दोन मृत्यू

१/ १ मे १९९४. इटलीतील इमोला येथे शर्यतीच्या सातव्या फेरीत आयर्टन सेनाची विल्यम्स गाडी ताम्बुरेल्लो वळणावर भिंतीवर आदळली. त्याच दिवशी बोलोन्याच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. तीन वेळा जगज्जेता, ४१ शर्यतींचा विजेता. वय अवघे ३४.

२/ ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पाउलोच्या रस्त्यांवर अंत्यदर्शनासाठी जनसागर लोटला. जुलैत फुटबॉलचा विश्वचषक जिंकताच ब्राझीलच्या खेळाडूंनी मैदानातच सेनाच्या नावाचा फलक उंचावला.

३/ आदल्याच दिवशी, पात्रता फेरीत, त्याच ट्रॅकवर ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झेनबर्गर मरण पावला होता. फॉर्म्युला वनमधील त्याची कारकीर्द जेमतेम एका शर्यतीची. इमोला म्हटले की आजही बहुतेकांना एकच मृत्यू आठवतो, हे खटकणारे आहे.

४/ सेना मात्र त्याला विसरला नव्हता. अपघातानंतर त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यतीअखेर तो फडकवून रात्झेनबर्गरला मानवंदना देण्याचा त्याचा मानस होता, असे मानले जाते.

५/ ५ मे रोजी साओ पाउलोत सेनाचा, तर ७ मे रोजी साल्झबर्गमध्ये रात्झेनबर्गरचा अंत्यविधी झाला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोझली साल्झबर्गला गेले. सगळे सेनाकडे गेले होते, इकडेही कोणीतरी जायला हवे होते, असे कारण त्यांनी पुढे दिले. सेनाचा मित्र गेरहार्ड बर्गर, स्वतः ऑस्ट्रियन, दोन्हीकडे उपस्थित होता.

६/ रात्झेनबर्गरला कवटीच्या तळाशी जीवघेणी इजा झाली होती. डोके व मान सावरून धरणारे ‘हान्स’ हे उपकरण फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झाले ते २००३ साली.