गेंड्या भुंग्याचा पाठलाग

श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत मान वर करून पाहिले, तर काही नारळांच्या झावळ्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या दिसतात. हे काम गेंड्या भुंग्याचे. तो शेंड्यातल्या कोवळ्या, मिटलेल्या झावळीत भोक पाडतो. पुढे झावळी उलगडते तेव्हा त्रिकोणी खाच दिसते. तोवर चोर केव्हाच पसार! त्याच्या अळ्या मात्र झाडावर नसतात. त्या शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडांत वाढतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. तेव्हा झाड गेल्याचे दुःख होतेच. पण न उचललेले नारळाचे खोड कुजू लागले की तेथे उरलेल्या झाडांचा वैरी वाढू शकतो.

आपल्याकडे हा भुंगा जुना रहिवासी आहे. पॅसिफिक महासागरातील सामोआत तो पोचला १९०९ मध्ये, सिलोनहून गेलेल्या रबराच्या रोपांबरोबर. त्याचे शत्रू मागे राहिले. तेथे लोकांवर भुंगे व अळ्या वेचण्याची सक्ती झाली. झांझिबारहून गांधीलमाशीची एक जात आणली. ती अळीला डंख मारून लुळी करते व तिच्यावर अंडे घालते. माशी तेथे रुळली, भुंगा काही हटला नाही. १९५३ मध्ये तो फिजीतही शिरला.

खरा शत्रू सापडला तो मलायात. १९६३ साली जर्मन संशोधक अलॉइस ह्यूगर यांना तेथील रोगट अळ्यांत एक विषाणू आढळला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला आणि भुंगे झपाट्याने घटले. शत्रू म्हटला की मुलांना गिळणारा प्राणी आठवतो. हा विषाणू तसा नाही. त्याची लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. त्याचे खाणे मंदावते, मादी अंडी घालेनाशी होते. पण तो उडत राहतो, जोडीदार शोधतो आणि विष्ठेतून विषाणू पसरवतो. माणसाला न दिसणारी कुजकी खोडे त्याला बरोबर सापडतात. फवारणीच्या पंपाला हे कसे जमावे?

भारतात १९८३ मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर हाच उपाय केला गेला आणि तेथेही नारळांचे नुकसान कमी झाले.

पण भुंगाही स्वस्थ बसलेला नाही. २००७ मध्ये ग्वाम बेटावर जो भुंगा आढळला, त्याच्यावर नेहमीचा विषाणू चालेना. तोच वाण पुढे हवाई आणि सॉलोमन बेटांवरही पोचला. संशोधकांना विषाणूचे नवे वाण शोधणे भाग पडले.

वाडीतल्या खड्ड्यासाठी आणखी एक सोबती आहे: मेटारायझियम ही हिरवी बुरशी. ती शेणखतात मिसळतात. ओल असली की ती अळीच्या त्वचेतून आत शिरते. खत उपसताना कडक झालेली, हिरव्या भुकटीने माखलेली अळी मिळाली, तर ती विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पुरावी. तिच्या अंगावरची भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. शेजारच्या अळ्यांना तेच गाठतात.